ड्रायव्हरच्या सीटवरचं वजन

गॅरेजवाल्यांवर काकांचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यामुळे गाडीचं व्हील अलाइनमेंट ते घरीच करायचे. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणायची, दोरीपासून चाकाचं अंतर पुढून-मागून मोजायचं आणि मग गाडीखाली शिरून पान्याने अर्धा-पाऊण आटा फिरवायचा. माप चुकू नये म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर माणसाचं वजन लागायचं. ते वजन म्हणजे काकू.

नव्या नवलाईत काकू म्हणायच्या, "अहो, इथे बसलेच आहे, तर चालवायलाही शिकवा ना!"

गाडीखालून काका खेकसायचे, "आधी स्टिअरिंगवरचे हात काढ. आणि हलू नकोस, सगळं माप बिघडतं."

पुढे पुढे काकूंनी विचारणं सोडलं. त्या आपलं विणकाम घेऊन बसायच्या.

यंदा काकांना चक्कर येऊ लागली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. तरी काकांनी दोरी ताणली, काकूंना बसवलं, चाकं अगदी नाकासमोर सरळ केली. मग हात पुसून ते काकूंच्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. उभ्या जन्मात या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते. त्यांनी किल्ली पुढे केली.

"धर स्टिअरिंग. आज शिकवतो तुला."

काकूंनी सुया थांबवल्या, पण हात काही मांडीवरून उचलले नाहीत.

"तुमचं मोजून झालं असेल," त्या म्हणाल्या, "तर उतरू का मी?"