नऊ बोटांचा रंग

दार ढकलून आत येताच रेनेटाने नाक वर करून वास घेतला. रसायनांचा होता, पण डोळे चुरचुरले नाहीत. मागच्या भिंतीत पंखा फिरत होता. जमिनीवर कापलेल्या नखांचा एकही तुकडा नव्हता. बेसिनपाशी थांबून तिने साबणाची बाटली दाबून पाहिली. भरलेली होती. मनातल्या यादीवर चार खुणा पडल्या, तशी ती बाहेर थांबवलेल्या आईला आत घेऊन आली.

अर्लीनबाई काठी टेकत आल्या आणि पहिल्याच खुर्चीत बसल्या. येत्या रविवारी चर्चमध्ये त्यांच्या वयाच्या बायांचा सत्कार होणार होता. पांढरा पोशाख, पांढरी सपाट सँडल, पुढचा बाक. दोन वर्षांपूर्वी बुटात खडा राहिला, दोन दिवस चालल्या तरी तो टोचला नाही, आणि डाव्या पायाची करंगळी गेली. तेव्हापासून नखांच्या दुकानाचं नाव काढलं की रेनेटा विषय बदलायची. पण म्हातारीने हट्ट धरला होता. "नऊ उरलीत. नवांना लाल रंग लावून दे, दहावं मागत नाही."

समोर स्टुलावर येऊन बसलेल्या बाईच्या छातीवर 'टीना' असं लिहिलं होतं. भिंतीवरच्या परवान्यावर फोटो तिचाच, पण नाव थुई लाम.

"नावं दोन कशी?" रेनेटाने विचारलं.

"एक आईने ठेवलं, एक गिऱ्हाइकांनी," टीना म्हणाली. "गिऱ्हाइकांना जे म्हणता येतं ते छातीवर."

अर्लीनबाई खुदकन हसल्या. रेनेटा हसली नाही. परवान्याची तारीख तिने जवळ जाऊन वाचली. मग एकेक प्रश्न निघाला. पाय बुडवायचा टब मागच्या गिऱ्हाइकानंतर कसा धुतला, आत घालायचं प्लास्टिक नवं की तेच, नखं घासायची कानस एकदा वापरून फेकतात का. टीनाने प्लास्टिकची घडी तिच्यासमोर उलगडली, कानस तिच्या हातात दिली. लोखंडी हत्यारं चिकटवलेल्या पाकिटात होती. नीट तापवली गेली की पाकिटावरची खूण काळी पडते. रेनेटाने पाकीट दिव्याखाली धरून खूण पाहिली. काळी होती.

"अगं, बोटं रंगवायला आलोय," अर्लीनबाई म्हणाल्या. "दुकान विकत घ्यायला नाही."

"तू गप्प बस, ममा. तुला खडा कळत नाही."

एकूण नऊ प्रश्न झाले आणि नवांचीही उत्तरं बरोबर आली. तरी तिचं समाधान होईना. सगळंच बरोबर आहे, म्हणजे काहीतरी लपवत असणार, असं तिला वाटायला लागलं. शेजारच्या खुर्चीतली बाई मासिक खाली करून हा तपास मजेत बघत होती. टीना मात्र शांत होती. अशा लेकी तिने पुष्कळ पाहिल्या असाव्यात.

तिने नळ सोडला, हातमोजे चढवले आणि म्हातारीच्या विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडला. तिथेच तिचा हात थांबला. तिने दिवा ओढून जवळ आणला.

नडगी गुळगुळीत, चकाकत होती. घोट्याच्या वर तीन बारीक लाल रेघा होत्या. त्यातली एक ओली होती.

"ममा, पायावरचे केस आज काढले?" टीनाने विचारलं.

"हिनेच काढून दिले," अर्लीनबाई कौतुकाने म्हणाल्या. "सकाळी सात वाजता न्हाणीत बसवून. आई केसाळ पाय घेऊन लोकांत गेली तर हिची मान खाली जाते."

टीनाने नळ बंद केला. दुकानात एवढा वेळ पाण्याचा आवाज चालू होता, हे तो थांबल्यावर कळलं.

"केस काढले की निदान एक दिवस पाय पाण्यात घालायचा नाही," ती म्हणाली. "कातडी उघडी असते. ममांना साखरेचा आजार आहे?"

रेनेटाने होकारार्थी मान हलवली. नऊ प्रश्न विचारले होते तिने, पण ही एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

"कळवळल्या का त्या, कापलं तेव्हा?"

"नाही. मला... मला दिसलंच नाही."

"पातं नवं होतं? पाकीट आजच फोडलं?"

रेनेटाच्या डोळ्यांपुढे न्हाणीतल्या खुंटीवरचं गुलाबी रेझर आलं. तिचं स्वतःचं, कायम ओलं. ते कधी आणलं, हे काही केल्या आठवेना. शेजारच्या बाईने मासिक पुन्हा तोंडासमोर धरलं.

"आता डॉक्टरकडे जा," टीना म्हणाली. "उद्या नाही. इथून सरळ."

"आणि रविवार?" अर्लीनबाईंनी विचारलं. त्यांनी लाल रंगाची बाटली केव्हाच निवडून मांडीवर घेतली होती.

"रंग कुठे जात नाही, ममा. पाय सांभाळा." टीनाने बाटली घेतली नाही. ती तशीच त्यांच्या मुठीत राहू दिली.

मग तिने खणातून स्वच्छ पट्टीचं पाकीट काढलं. "एवढं धरून ठेवा, गाडीत बसेपर्यंत." रेनेटा घाईने गुडघ्यावर बसली, आईच्या पायाकडे हात नेला, तशी टीनाने पाकीट मागे ओढलं.

"आधी हात."

रेनेटा उठली आणि बेसिनपाशी गेली. मघाशी तिने बाटली दाबून पाहिली होती, तेव्हा पडलेला साबणाचा थेंब पांढऱ्या भांड्यात तसाच पडून वाळला होता.