पावाच्या गाडीची पाठ

“पण ‘खराब’ का लिहिलंय, ते तरी सांगा,” ड्रायव्हर म्हणाला.

विमा कंपनीच्या दावे विभागातल्या बाईंपुढे सकाळपासून आलेली ही चौथी तक्रार होती. त्यांनी त्याच्या फाइलचं पहिलं पान सवयीने उलटलं. पहिल्या पानावर लोक नेहमी गाऱ्हाणंच लिहितात. मग पाहणी करणाऱ्याचा अहवाल काढून वाचून दाखवला. पावाची व्हॅन, नऊ वर्षं जुनी. मागून ट्रकची धडक. दुरुस्तीच्या पलीकडे. अपघातापूर्वीची अवस्था खराब. कारण चारही टायर गुळगुळीत, ब्रेकची लायनिंग संपलेली, मागचं दार गंजलेलं.

“गाडीची देखभाल नसली की किंमत निम्मी होते. नियमच आहे,” बाई म्हणाल्या. “त्यात मी तरी काय करणार?”

“निम्म्या किमतीत निम्मीच व्हॅन येईल, बाई. पाव दुकानांत पोचवायचे कसे? महिना झाला, भट्टी थंड आहे. आता तर भट्टीच विकायचं बोलणं चाललंय.”

त्याचा आवाज चढला नव्हता. उलट तो दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखा अवघडून बसला होता. इथे येणारी माणसं टेबलावर हात आपटतात, मोठ्या साहेबांना बोलवा म्हणतात. हा बाबा पाण्याच्या ग्लासासाठी दोनदा आभार मानून मोकळा झाला होता. बाईंना बरं वाटलं. त्यांचे आभार कोण मानतो!

त्याने गॅरेजची पावती पुढे केली. अपघाताच्या वीस दिवस आधी टायर नवे, लायनिंगही नवी.

“वीस दिवसांत टायर गुळगुळीत होतात का?”

“मग झाले कसे?”

“त्या उतारावर झाले. तीन मिनिटांत.”

“इथे तर धडक लिहिलीय.”

“धडक नव्हती ती. ट्रक टेकला होता.”

मग त्याने सावकाश सांगितलं. उतारावर ट्रकचे ब्रेक गेले. हॉर्न दाबून धरलेला, दिवे उघडझाप करत होते. पायथ्याशी रेल्वेचं फाटक बंद, आणि फाटकासमोर माणसं, सायकली, शाळेची एक भरलेली बस. मध्ये एकटी पावाची व्हॅन.

“बाजूला घ्यायला जागा होती,” तो म्हणाला. “कुणीही घेतली असती. पण व्हॅन बाजूला गेली नाही. आधी वेग वाढवला, ट्रकच्या बरोबरीने. मग हळूहळू कमी केला, ट्रक पाठीला टेकेपर्यंत. आणि मग ब्रेक. टायरमधून धूर निघत होता, मागचा पत्रा आत आत जात होता, पण ब्रेक काही सोडला नाही. फाटक वीस पावलांवर असताना दोन्ही गाड्या थांबल्या.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. लोक कुणाला रस्ता दाखवला तरी चार दिवस सांगत फिरतात, आणि या माणसाने एवढ्या गोष्टीत स्वतःला कुठे येऊसुद्धा दिलं नव्हतं.

“फोटो मोठा करून बघा,” तो म्हणाला. “टायर सगळीकडून झिजलेले नाहीत, एकाच जागी सपाट झालेत. चाक जाम होऊन घासत गेलं की असं होतं. आणि लायनिंग संपलेली नाही, जळलीय.”

बाईंनी फोटो मोठा केला. खरंच होतं. पाहणी करणाऱ्याने वरवर बघून उरकलं होतं. ज्या टायरांनी बसभर मुलं वाचवली, त्याच टायरांसाठी कंपनी किंमत कापत होती. त्यांना कंपनीची लाज वाटली.

“आणि दाराचा गंज?”

ड्रायव्हरने डोळे मिटले. “गंज नाही, तपकिरी रंग आहे. दारावर मोठा पाव काढलेला. खाली ‘गरम आहे’ लिहिलेलं, त्यातला ‘ग’ उडालेला. डावा दिवा नवा, उजव्याला चीर.”

“आणि आतून? सीट, कव्हरं?”

तो फाइल चाळू लागला. “लिहून आणलंय.”

“कमाल आहे! गाडीची पाठ तोंडपाठ, आणि पोटातलं विचारलं की कागद!”

तोही हसला. “ती पाठ जन्मात विसरायचो नाही मी.”

चाळताना एक चित्र खाली पडलं. रंगीत खडूंनी काढलेली व्हॅन, मागे ट्रक, दोघांनाही डोळे आणि दोघंही हसणारे.

“मुलीने काढलंय,” तो ओशाळून म्हणाला. “सहा वर्षांची आहे.”

“ट्रकलासुद्धा हसवलंय की. माझ्या मुलीने शिंगं काढली असती. तुम्हाला राग नाही येत त्या ट्रकवाल्याचा?”

त्याने चित्र उचलून जपून फाइलमध्ये ठेवलं. “येतो. ब्रेक तपासून निघायला पाहिजे होतं. पण त्या संध्याकाळी मुलगी दारात उभी होती आणि बाप घरी आला. त्यापुढे राग किती टिकणार, बाई?”

बाईंनी ‘खराब’ खोडलं, ‘उत्तम’ लिहिलं आणि शिक्का मारला. आता तशीच एक व्हॅन येणार होती. ड्रायव्हरचे डोळे भरून आले. त्याने हात जोडून पुन्हा आभार मानले.

“माझे कसले आभार? आभार तुमचेच मानायला हवेत,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. “इथे सही करा. गाडीचे मालक म्हणून.”

त्याने उठून फॉर्म दोन्ही हातांनी घेतला.

“मालक खाली बाकावर बसलेत. पाय प्लास्टरमध्ये आहे, जिना चढवत नाही. मला पाठवल्याचं त्यांचं पत्र फाइलच्या पहिल्याच पानावर आहे. सही घेऊन लगेच येतो.”

“अहो, पण मग त्या दिवशी व्हॅन चालवत होतं कोण?”

“तेच,” तो म्हणाला. “मी मागच्या ट्रकमध्ये होतो.”