पाण्यातली नणंद

माझा नवरा शिगेओ गेल्या शरदात आमच्या गावच्या लाकडी पुलावरून नदीत पडून गेला. आज दुपारी त्याच्यासाठी शेवंतीची फुलं सोडायला मी आणि माझी थोरली नणंद किनुए आलो होतो.

"हो पुढे," ती म्हणाली. "माझ्या भावाला गिळलंस, आता पुलाला कसली घाबरतेस?"

"वन्सं, आज तरी असं बोलू नका."

"मग काय, पायघड्या घालू तुला?"

मी पुढे निघाले. फळ्या पायाखाली करकरत होत्या. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. मधोमध येऊन मी वाकले आणि फुलं सोडली.

संथ पाण्यात माझं प्रतिबिंब स्वच्छ दिसलं. माझ्यामागे किनुए उभी होती, दोन्ही हात माझ्या पाठीकडे उचलून.

मी गर्रकन वळले. मागे कुणीच नव्हतं. किनुए अजून काठावरच होती, चपलेचा पट्टा बांधत बसलेली.

तिने मान वर केली आणि हसत ओरडली, "शिगेओनंही अस्संच वळून पाहिलं होतं गं!"

माझी नजर पुन्हा पाण्याकडे गेली. पाण्यातल्या किनुएचे हात माझ्या पाठीला टेकले होते, आणि त्यांचा गारवा मला कपड्यांतून जाणवत होता.