पोवाड्याचा न रचलेला चौक

पोवाडा गाताना दरवर्षीच्या जागी भिवबा शाहीर थांबले नाहीत, तसं मागे ‘जी जी’ची झील धरणाऱ्या सुभानाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. समोर बसलेल्या सरदारांच्या पूर्वजानेच शत्रूला गडाचा दरवाजा उघडून दिला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून पोवाडा दरवाजापाशीच सोडायची रीत होती. पुढचा चौक, ते नाव सांगणारं कडवं, कुणी रचलंच नव्हतं.

“ऐका, दरवाजा उघडला कुणी!” भिवबांनी डफावर थाप मारली.

सरदारांची तलवार भिवबांच्या मानेत उतरली. डफ रक्ताने भिजला.

“गा आता!” सरदार प्रेतावर गरजले.

सुभानाने जन्मभर नुसतं ‘जी जी रं जी’ केलं होतं. त्याने तो डफ उचलला आणि सरदारांच्या डोळ्याला डोळा भिडवून त्या पूर्वजाचं नाव गायलं.

तलवार पुन्हा उठली. तेवढ्यात अख्ख्या गावाने झील उचलली, “जी जी रं जी!”