छपराविना कस्टम हाऊस

या मंडळी, जरा जवळ सरका, बंदरावरची एक गोष्ट सांगतो. नव्या कस्टम हाऊससाठी सरकारने निधी दिला, म्हणून जुनं आधी पाडून टाकलं. नव्याच्या चार भिंती उभ्या राहिल्या आणि छपराचे पत्रे परदेशातून बोटीने आले. त्याच बोटीत एका हमालाच्या आईसाठी मागवलेली चाकांची खुर्ची होती.

"साहेब, तेवढी खुर्ची सोडा की! आई वर्षभर खाटेला खिळलीय हो."

"कशी सोडू, बाबा? माल छपराखालीच तपासायचा, असा नियम आहे."

"मग छप्पर चढवा ना!"

"पत्रे तपासल्याशिवाय चढवू कसे?" असं म्हणत, उघड्यावर छत्री धरून बसलेले साहेब आपल्या नव्याकोऱ्या खुर्चीत गर्रकन फिरले.

"आणि ही खुर्ची? हीसुद्धा त्याच बोटीतून आलीय. मीच उतरवली की!"

"अरे वेड्या, ही अडकवली असती तर तपासायला बसलो कशावर असतो?"

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या. साहेबांची काळजी नको, त्यांची सोय झाली आहे.