डावीकडचा स्क्रू

बॉनेटमधून वाफ निघत होती आणि मिस्त्री तिच्याकडे बघत निवांत उभा होता.

"रेडिएटरचं झाकण उघडायचं का?" गाडीवालीनं विचारलं.

"उघडा की. तोंड भाजून घ्यायची हौस असेल तर उघडा," मिस्त्री म्हणाला. "बाई, इंजिन तापलं की आपण तापायचं नसतं. बसा तिथे."

गाडीवाली बसली नाही. शेडच्या दारात मिस्त्रीची बायको उभी होती आणि तिच्या हातात कुलूप होतं. ते आजच शेडला लागायचं होतं. परवा मिस्त्रीनं एका गिऱ्हाइकाच्या गाडीची चारही चाकं उतरवली आणि कशासाठी उतरवली तेच विसरला. काल तर ब्रेकचं काम अर्धवट टाकून घरात येऊन झोपला. माणूस विसरायला लागला तर घरची माणसं सांभाळून घेतात, ब्रेक घेत नाहीत. पण जन्मभर मिजाशीत जगलेल्या माणसाच्या हातातून पाना काढून घ्यायचा म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं.

"दुसरीकडे दाखवता आली असती गाडी," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"ही एक गाडी बघू दे त्यांना," गाडीवाली म्हणाली. "नाही जमलं तर कुलूप आहेच."

"सकाळी चहात मीठ घातलं त्यांनी. वर मलाच विचारलं, हे घर कोणाचं म्हणून."

गाडीवालीनं खिळ्यावरची बॅटरी काढली, पेटवून पाहिली आणि बॉनेटजवळ जाऊन उभी राहिली.

वाफ ओसरली. इंजिन निवल्यावर मिस्त्रीनं पाणी भरलं, गाडी चालू केली आणि कान दिला. त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. तापमानाचा काटा चढत चढत लाल पट्ट्याशी आला, तसा त्यानं समोरून रेडिएटरवर तळहात टेकवला आणि हसला.

"इंजिन भट्टी झालंय आणि हा बघा, गारेगार. म्हणजे तापलेलं पाणी इथवर येतच नाही."

"पंप गेला असेल?"

"पंप गेला असता तर रडला असता. ऐका, गुणी मुलासारखा फिरतोय." त्यानं गाडी बंद केली. "वाटेत एक दार असतं. थर्मोस्टॅट. पाणी तापलं की त्यानं उघडायचं. ते उघडत नाहीये. आता निवू दे परत."

पुन्हा थांबणं आलं. बायकोनं चहा आणला. गाडीवालीनं कान तुटलेला कप आपणहून उचलला आणि चांगला मिस्त्रीपुढे सरकवला. तिच्या नखांत काळं होतं. मिस्त्रीची नजर त्यावर क्षणभर थांबली, पण तो चहा प्याला आणि उठला.

मग त्याचे हात चालायला लागले. दार ओलांडताना कुठल्या खोलीत जायचं ते विसरणारा हा माणूस, पण त्याचे हात न बघता योग्य तोच पाना उचलत होते. कुठला बोल्ट किती आवळलाय ते त्याला बोट लावताच कळत होतं. गाडीवाली बघत राहिली. डोक्यातलं एवढं सगळं वाहून गेलं, तरी हे कुठे जपून राहिलं असेल, तिला कळेना. दारातून बायकोही बघत होती.

"उजेड..." मिस्त्री म्हणेपर्यंत उजेड हवा तिथे पडलेला होता.

रबरी पाइप आवळणाऱ्या क्लॅम्पपाशी त्याचा हात अडला. क्लॅम्पच्या स्क्रूचं तोंड डावीकडे वळलेलं होतं. "हे कोणाचं?" तो पुटपुटला, तिरका होऊन त्यानं तो सोडवला, पाइप काढला आणि आतून थर्मोस्टॅट बाहेर आला.

"उलटा," तो म्हणाला. "याचं तोंड तापल्या पाण्याकडे हवं. इथे त्याची पाठ आहे. त्याला ऊब लागणार कशी आणि तो उघडणार कसा?"

त्यानं तो सुलटा बसवला, पाइप चढवला, पाणी भरलं आणि गाडी चालू केली. तिघंही काट्याकडे बघत राहिले. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. मिस्त्रीचा हात रेडिएटरवर होता.

"आलं," तो म्हणाला. "आलं बघा पाणी."

बायकोनं कुलूप स्टुलावर ठेवलं आणि ती डोळे टिपत बाजूला वळली.

मिस्त्री फडक्याला हात पुसत गाडीवालीजवळ सरकला. घरात कोणी आपलं खरं मानत नाही, अशा माणसाचा आवाज लावून तो बोलू लागला.

"कोणी बसवला ते मी ओळखलंय. माझी मुलगी शिकायला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं असाच उलटा घातला होता. मी इतका ओरडलो की पोर जेवली नाही. आणि स्क्रू कायम डावीकडे. डावखुरी ना, तिला तसाच सोपा जातो. हे तिचंच काम."

गाडीवालीनं काळी नखं मुठीत मिटली.

"बऱ्याच दिवसांत आली नाही ती. तुम्हाला भेटते वाटतं. तिला म्हणावं, मी आता ओरडत नाही. आणि स्क्रू डावीकडेच ठेवलाय, तिला परत उघडायला बरा."

गाडीवालीनं दाराकडे, आईकडे, बघायचं टाळलं आणि डाव्या हातातली बॅटरी विझवली.

"सांगते, बाबा."