कोरी पाठ

दोन्ही घड्याळं काळ्या मखमलीवर शेजारी शेजारी ठेवली होती आणि नोएलियाला दोन्हींचा सारखाच राग येत होता. एक कोरं करकरीत, पोलादी, काचेत स्वतःचं तोंड दिसेल असं. दुसरं तिच्या वडिलांच्या वयाचं, सोन्याचं, तबकडी जुन्या कागदासारखी पिवळी पडलेली. किंमत जवळपास एकच. स्पेनमधल्या सान्तान्देर शहरातल्या त्या दुकानात सगळे केव्हाचे ताटकळत उभे होते.

"नवंच घे पोरी," तिचे वडील सेवेरिनो पुन्हा म्हणाले. "मेलेल्या माणसाचं घड्याळ जावयाच्या हातात कशाला?"

"मेला कशावरून? विकून मजेत फिरत असेल!" होणारा जावई गोन्सालो हसला. त्यानं जुनं घड्याळ उचलून मनगटावर चढवलंसुद्धा.

रविवारी मागणीचं जेवण होतं. त्याच्याकडून अंगठी यायची, हिच्याकडून घड्याळ. अंगठी त्याच्या आजीची, म्हणजे फुकटातली. घड्याळाचे पैसे मात्र सान्तोन्याच्या मासळीच्या कारखान्यातल्या बापलेकीच्या मजुरीतून यायचे होते, जिथे खारवलेल्या आन्चोवी माशांची कातडी सोलता सोलता नोएलियाच्या बोटांना कायमचा वास लागला होता.

"खरं सांगू?" गोन्सालो मनगट उजेडात फिरवत म्हणाला. "नवं घातलं की लोकांना कळतं, काल घेतलंय. हे घातलं की विचारतात, आजोबांचं का? आपण नुसतं हसायचं."

"तुझे आजोबा घालायचे असलं?"

"नाही ना. म्हणून तर!"

"म्हणजे पैसे आमचे आणि आजोबा तुझे," सेवेरिनो म्हणाले.

गोन्सालोला हा विनोद वाटला. तो मोकळेपणानं हसला. नोएलियाला हसू आलं नाही. तिची खरी चिडचिड वेगळीच होती. तिला जुनंच आवडलं होतं. नवं घड्याळ बँकेच्या मॅनेजरसारखं दिसत होतं, गुळगुळीत आणि खोटं. बाबांची बाजू घ्यावी तर खोटं बोलावं लागणार, गोन्सालोची घ्यावी तर हे सगळं गिळावं लागणार.

"जुनं घेऊ," ती शेवटी म्हणाली. "मागे माझं नाव आणि तारीख कोरून द्या."

जवाहिऱ्याचा चेहरा पडला. "जुन्यावर कोणी कोरत नाही, सेन्योरिता. इतकी वर्षं पाठ कोरी राहिली, त्याचेच तर पैसे आहेत. नव्यावर हवं ते कोरून देतो, फुकट."

"मागणीच्या घड्याळावर नाव नाही? असं कुठे असतं का?" सेवेरिनो म्हणाले.

"जाऊ दे ना, नोए," गोन्सालो म्हणाला. "नावाचं काय एवढं? मला माहीत आहे ना कोणी दिलंय."

"तुला आहे. रविवारी जेवायला येणाऱ्यांना?"

तो जरा घुटमळला. "तेच सांगणार होतो. आई म्हणते, सगळ्यांसमोर डबी उघडायची वगैरे गरज नाही. मी घालूनच येईन."

"घालून येशील?"

"हो. साधंसरळ."

"मग मी काय देणार?"

"दिलंसच की. आत्ता, इथे." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुझ्या बाबांनाही उगाच चारचौघांत उभं राहायला नको, भाषण करायला नको. त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

सेवेरिनोंचे दोन्ही हात मघापासून काचेच्या काउंटरवर होते. मिठानं तडकलेले, नखांच्या कडा काळ्या. त्यांनी ते हळूच उचलले आणि कोटाच्या खिशात घातले.

"जुनंच घे पोरी," ते म्हणाले. "छान आहे. नाव काय, नसलं तरी चालतं."

सबंध वेळ नव्यासाठी हटून बसलेला हा माणूस. नोएलियानं त्या खिशांकडे पाहिलं. मग गोन्सालोचं मनगट धरलं, पट्टा सोडवला, घड्याळ काढून मखमलीवर पालथं ठेवलं. सोन्याची पाठ स्वच्छ होती, एक ओरखडा नव्हता.

"कोरा," ती जवाहिऱ्याला म्हणाली. "नोएलिया. पुढे माझी दोन्ही आडनावं, बाबांचं आणि आईचं. खाली रविवारची तारीख."

"नोए, वेड लागलंय का तुला?"

"सेन्योरिता, विचार करा," जवाहिऱ्या काकुळतीला आला. "कोरलं की याची किंमत निम्म्यावर येईल."

"निम्म्यावरच?" नोएलिया म्हणाली. "मग खाली बाबांचंही नाव घाला. आणि कारखान्याचं. खोल कोरा."